मोंढ्यातली पत, ताळेबंदातले भांडवल

व्यवस्थापनशास्त्राच्या कोणत्याही गाजलेल्या पाठ्यपुस्तकाची सूची चाळली, तरी तीत जालना सापडणार नाही. कंपन्या भांडवल कसे उभारतात, स्पर्धेत कशा टिकतात, बाजारात भाव कसे ठरतात, या प्रश्नांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत डोंगराएवढे संशोधन झाले. त्यातले बहुतेक अमेरिकी विद्यापीठांत झाले आणि त्याला आकडे मिळाले ते तिथल्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे. आपल्याकडे १९६१ साली कोलकाता आणि अहमदाबाद इथे व्यवस्थापन संस्था निघाल्या, तेव्हा कोलकात्याने एमआयटीचा हात धरला आणि अहमदाबादने हार्वर्डचा. शिकवण्याची रीतही तिकडची आली आणि प्रश्नही तिकडचे आले. त्यात दोष देण्यासारखे काही नाही, कुठून तरी सुरुवात व्हायचीच होती. पण मराठी वाचकाला या शास्त्राची ओळख करून द्यायची असेल, तर ती कुठून करून द्यावी याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कुंडलिकेच्या काठच्या या गावातून करून द्यावी. इथल्या मोंढ्यात आणि एमआयडीसीत या शास्त्राचे जवळजवळ सगळे मोठे प्रश्न रोज उभे राहतात आणि त्यांची उत्तरे लोक पदरच्या पैशाने देतात.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथे लहान मुलालाही ठाऊक असते. निजामाच्या राज्यातली ही व्यापारी पेठ. शेजारी इंग्रजांच्या देखरेखीखालची छावणी. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड–सिकंदराबाद रेल्वे इथून गेली आणि मराठवाड्याचा कापूस, सरकी, धान्य यांना बाहेरची वाट मिळाली. जिल्हा म्हणून जालना वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. इथे लोखंडाची खाण नाही, कोळसा नाही, समुद्र नाही, बारमाही पाण्याची खात्री नाही. तरीही हे गाव बियाण्यासाठी देशभर आणि बांधकामाच्या सळईसाठी राज्यभर ओळखले जाते. असे का, हा प्रश्न गावाच्या अभिमानाचा आहेच, पण त्याहून जास्त तो अभ्यासाचा आहे.

कंपनीवित्त या विषयाची आधुनिक सुरुवात सहसा १९५८ सालापासून मोजतात. फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांनी त्या वर्षी एक निबंध लिहिला. त्याचा सारांश असा, की कर नसेल, दिवाळखोरीचा खर्च नसेल आणि सर्वांना सारखीच माहिती असेल, तर कंपनीने पैसा कर्जाने आणला की भागधारकांकडून आणला, याने कंपनीच्या मोलात काही फरक पडत नाही. मोल ठरते ते तिच्या धंद्यातून काय निघते त्यावर. हे वाचून जालन्याचा कोणताही व्यापारी म्हणेल, असे जग असते कुठे? आणि त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण या सिद्धान्ताची खरी किंमत त्याच्या अटींत आहे. पैसा कुठून आला याने फरक पडतो असे जेव्हा दिसते, तेव्हा त्या अटींपैकी एखादी मोडलेली असते. कोणती मोडली ते शोधायचे, हा पुढच्या पिढ्यांचा उद्योग झाला. १९८४ साली स्ट्युअर्ट मायर्स यांनी दाखवले, की कंपन्या आधी घरात साठलेला नफा वापरतात, तो पुरला नाही तर कर्ज काढतात आणि अगदी शेवटी नवे भागीदार घेतात. कारण बाहेरच्याला आतले खरे कळत नाही आणि तो त्या अज्ञानाची किंमत कापून घेतो. जालन्यात ही उतरंड आणखी लांब आहे. आधी घरचे, मग सोयऱ्यांचे, मग मालाच्या उधारीतून मिळणारे, मग बँकेची कॅश क्रेडिट. शेअर बाजार या उतरंडीत बहुतेकांच्या लेखी येतच नाही. मायर्स यांच्या प्रबंधाची इतकी शुद्ध उदाहरणे न्यूयॉर्कमध्येही मिळणे कठीण.

जिथे आतले खरे बाहेरच्याला कळत नाही, अशा बाजारावर जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली लिहिले आणि २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. त्यांचे उदाहरण होते जुन्या मोटारींचे. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सरासरी भावच देतो, चांगल्या गाडीवाला त्या भावाला विकत नाही, आणि बाजारात खोडीच्या गाड्या उरतात. माझ्या मते त्यांनी बियाण्याचे उदाहरण घेतले असते तर ते अधिक धारदार झाले असते. जुनी मोटार चालवून पाहता येते. बियाण्याची पिशवी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर फोडून, दाणा हातात घेऊन, दाताखाली धरूनही त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. उगवण आठवड्याने कळते, शुद्धता फुलोऱ्यात कळते, उतारा वेचणीला कळतो. तोवर पैसे, पाऊस आणि हंगाम तिन्ही गेलेले असतात. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून हजारो तक्रारी झाल्या, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, दुबार पेरणीची पाळी आली. ज्यांनी ते शेत पाहिले, त्यांना अकरलॉफ समजावून सांगावा लागत नाही.

अशा बाजारात चांगला विकणारा टिकतो कसा? बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे महिको, काढली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. त्याआधी त्यांनी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे ‘पुसा सावनी’ भेंडीचे बियाणे वाढवून विकायला सुरुवात केली होती. या वाणाला तेव्हा पिवळ्या शिरांच्या रोगाचा त्रास कमी होई, त्यामुळे शेतकऱ्याला फरक डोळ्यांनी दिसे. त्याच सुमाराला संकरित ज्वारीचा सीएसएच-१ हा पहिला वाण सरकारी संशोधनातून बाहेर आला. १९६३ मध्ये राष्ट्रीय बीज निगम आले, १९६६ मध्ये बियाणे कायदा आला. म्हणजे शास्त्र सरकारचे होते, कायदा सरकारचा होता, आणि ते बियाणे निर्मळ ठेवून वेळेवर गावोगाव पोचवण्याचे काम एका खासगी माणसाने हाती घेतले. बियाण्यात काय आहे हे पिशवीवरून कळत नाही, म्हणून पिशवीवरचे नाव हीच हमी. ते नाव एका खराब हंगामात बुडते. नाव कमवायला जितकी वर्षे लागली, तितके ते बुडू न देण्याचे कारण मोठे. अर्थशास्त्रज्ञ ज्याला ब्रँडचे तारण म्हणतात ते हेच. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ साली पद्मभूषण मिळाले; २०१७ साली त्यांचे निधन झाले. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे उद्योजकाचे चरित्र म्हणून पाहण्यापेक्षा माहितीच्या विषमतेवर काढलेला व्यावहारिक तोडगा म्हणून पाहावे, असे मला वाटते.

दुसराही एक तोडगा संकरात आपोआप दडलेला आहे. संकरित पिकाचे बी पुढच्या वर्षी पेरले तर ते मूळ गुणाने येत नाही, म्हणून शेतकरी दरवर्षी बाजारात येतो. भारतात वनस्पतींच्या वाणांवर हक्क देणारा कायदा २००१ साली झाला. त्याआधीची साडेतीन दशके बियाणे कंपनीच्या संशोधनाला संरक्षण होते ते या जीवशास्त्राचे आणि कुलुपात ठेवलेल्या नर-मादी वाणांचे. कंपनी आपली व्यूहरचना कशावर उभी करते, हे समजून घ्यायला याहून सोपे उदाहरण नाही. प्रतिस्पर्ध्याला तुमचे उत्पादन विकत घेता येते, पण त्यातून पुन्हा ते तयार करता येत नाही. जालन्यात आणि शेजारच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महिकोच्या मागोमाग इतर बियाणे कंपन्या का उगवल्या, तेही यातूनच उलगडते. वाण कुलुपात ठेवता येतात. माणसांच्या हातातले कसब ठेवता येत नाही.

त्या कसबाकडे जवळून पाहायला हवे. जालना आणि लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजाच्या पट्ट्यात शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, वांगे यांचे बीजोत्पादन चालते. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये बाया ओळीने बसतात. उद्या उमलेल अशी कळी हेरायची. बारीक चिमट्याने तिच्या पाकळ्या आणि परागकोशांचा पिवळा शंकू अलगद उपटायचा, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही. नर झाडांच्या फुलांचे पराग आधीच सुकवून चाळून ठेवलेले असतात. ते बोटातल्या अंगठीसारख्या वाटीत भरून त्या उघड्या टोकावर टेकवायचे. शेवटी दोन हिरव्या पाकळ्या कात्रीने छाटायच्या, म्हणजे फळ धरल्यावर हे आपण केलेले क्रॉसिंग आणि हे झाडाने स्वतःहून केलेले, असा फरक ओळखू येतो. एक कळी वेळेआधी उमलली, एका हाताने घाई केली, तर त्या फळातले सारे दाणे अशुद्ध. जागतिक बाजारात ग्रॅमवर विकल्या जाणाऱ्या बियाण्याची किंमत या बोटांवर ठरते.

आता त्या शेतकऱ्याचा हिशेब पाहू. कंपनी त्याला मूळ बियाणे देते, तंत्रज्ञ देते, कधी उचल देते. मजुरी, नेट, खत, फवारणी त्याची. माल कंपनीत जमा झाला की उगवणशक्ती तपासली जाते आणि जनुकीय शुद्धतेसाठी ग्रो-आउट टेस्ट लावली जाते, म्हणजे नमुन्याचे दाणे पुन्हा पेरून रोपे वाढवून पाहायची. या चाचणीला वेळ लागतो. अलीकडे डीएनए तपासणीने तो कमी होतो आहे. अंतिम पट्टी निकालानंतर. चाचणीत माल नापास झाला, तर भाव तुटतो किंवा माल नाकारला जातो. कंपनीच्या बाजूने पाहिले तर ही अट रास्त आहे, कारण अशुद्ध बियाण्याने तिचे नाव जाते. पण वित्ताच्या भाषेत बोलायचे तर त्या महिन्यांत शेतकरी कंपनीला बिनव्याजी कर्ज देत असतो. रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली विचारले होते, की जी कामे बाजारातून करून घेता येतात ती कंपनी स्वतःच्या छपराखाली का करते? बीजोत्पादनात प्रश्न उलटा आहे. इतके नाजूक काम कंपनी बाहेर का देते? जमीनधारणेचा कायदा हे एक कारण. दुसरे हे, की रोजंदारीच्या मुकादमाला जे लक्ष ठेवता येणार नाही, ते स्वतःच्या पिकावर शेतकरी कुटुंब ठेवते. आणि तिसरे कारण आजवर फारसे मोजले गेलेले नाही: बाहेर दिलेले काम खेळते भांडवलही बाहेरूनच आणते.

जालन्याच्या बियाणे उद्योगाने जगातल्या व्यूहरचनेच्या अभ्यासकांना दिलेले सर्वांत मोठे प्रकरण मात्र कापसाचे. अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने १९९८ साली महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला. दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी काढली. २६ मार्च २००२ रोजी जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने महिकोच्या तीन बीटी, म्हणजे बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या, संकरित वाणांना परवानगी दिली. आता पुढे काय करायचे? तंत्रज्ञान आपल्याजवळच ठेवून आपल्याच वाणांत विकायचे, की प्रतिस्पर्ध्यांना परवान्यावर द्यायचे? त्यांनी दुसरा मार्ग धरला आणि चाळीसहून अधिक भारतीय कंपन्यांना परवाने दिले. दर पिशवीमागे ‘ट्रेट फी’, म्हणजे गुणधर्माचा मोबदला, घ्यायचा. एका कंपनीचे वाण सगळ्या जमिनींना आणि सगळ्या पावसांना पुरत नाहीत; इतरांचे वाण वापरले तर तंत्रज्ञान लवकर पसरते. झालेही तसेच. दहा-बारा वर्षांत देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्रावर बीटी आली.

मग किमतीचा प्रश्न पेटला. सुरुवातीला ४५० ग्रॅमची पिशवी सोळाशे रुपयांच्या आसपास होती आणि तीत मोबदल्याचा वाटा फार मोठा होता. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, किंमत साडेसातशेवर आली आणि इतर राज्ये त्याच वाटेने गेली. महाराष्ट्राने २००९ साली कापूस बियाण्याच्या किमतीसाठी स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी नियंत्रण आदेश काढला. २०१६ च्या हंगामात बोलगार्ड-दोन या बीटी तंत्रज्ञानाची पिशवी ८०० रुपये ठरली, त्यात मोबदला ४९ रुपये. पुढे तो ३९ झाला, मग २०, आणि २०२० साली शून्य. दरम्यान परवानाधारक कंपन्यांशी वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि स्पर्धा आयोगाने चौकशी लावली.

हा इतिहास सांगताना लोक लगेच बाजू घेतात, आणि मला ते समजते; पिशवीची किंमत ज्याच्या खिशातून जाते त्याला तटस्थ राहायला सांगणे योग्य नाही. पण अभ्यासकाने दोन्ही टोकांचे हिशेब मांडले पाहिजेत. किंमत उतरल्याने शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला, हे खरे. त्यानंतर कापसात नवे मान्यताप्राप्त जनुकीय तंत्रज्ञान देशात आले नाही, हेही खरे. गुलाबी बोंडअळी जुन्या बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने कापूस खाल्ला, हेही त्याच काळातले. यातले कशामुळे काय झाले? नवे तंत्रज्ञान न येण्याला किंमत नियंत्रण किती कारण, मान्यतेची थांबलेली प्रक्रिया किती कारण? २०१० च्या फेब्रुवारीत महिकोच्याच बीटी वांग्याला स्थगिती मिळाली होती, म्हणजे दुसरे कारणही दुबळे नाही. कारणे अशी वेगळी करून मोजणे हेच या संशोधनाचे काम, आणि तिथे घोषणा उपयोगी पडत नाहीत.

बियाण्यावरून सळईकडे वळले की गोष्ट वेगळी होते. जालन्याच्या एमआयडीसीत इन्डक्शन फर्नेसमध्ये भंगार वितळते, त्याचे बिलेट होतात, रोलिंग मिलमधून त्यांच्या टीएमटी सळया निघतात. भंगार बाहेरून येते, वीज ग्रिडमधून येते, माल ट्रकने पुणे-मुंबई-विदर्भाकडे जातो. एक टन पोलाद वितळायला सहाशे युनिटच्या आसपास वीज लागते, म्हणून इथला कारखानदार विजेचा दर पैशा-पैशाने पाहतो. रात्रीच्या सवलतीच्या तासांत भट्ट्या धडधडायच्या हे वर्षानुवर्षांचे गणित होते. कच्चा माल नाही, ग्राहक दूर, मग उद्योग इथेच का? अल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली शेफील्डच्या पोलादाकडे आणि लँकेशायरच्या सुताकडे पाहून याचे उत्तर दिले होते. एकाच धंद्याचे अनेक लोक जवळ आले की कुशल कामगार मिळतो, सुटे भाग आणि दुरुस्ती हाताशी असते, आणि धंद्यातली गुपिते गुपिते राहत नाहीत. जालन्यात रोल फिरवणारा, भट्टीचे अस्तर लावणारा, भंगाराची प्रत नजरेने सांगणारा माणूस मिळतो. दहा वर्षे दुसऱ्या कारखान्यात काम केलेला मिस्त्री हेच नव्या कारखान्याचे पहिले भांडवल. समृद्धी महामार्गाने मुंबई आणि नागपूर दोन्ही जवळ आले आहेत. दूर असण्याचा तोटा कमी झाला की जालन्याचा धंदा वाढेल, की दूरचा स्पर्धक जालन्याच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचेल? दोन्ही शक्य आहे, आणि कोणते घडते आहे ते आत्ता, डोळ्यांदेखत मोजता येण्यासारखे आहे.

सळईच्या धंद्यात भाव रोज हलतो आणि माल बहुतांशी उधारीवर जातो. या उधारीवर मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन यांनी १९९७ साली एक महत्त्वाचा निबंध लिहिला. राजन पुढे आपल्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. अमेरिकेतल्या छोट्या उद्योगांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले, की बँक ज्याला दारात उभे करत नाही, त्याला माल पुरवणारा व्यापारी उधार देतो. कारण गिऱ्हाइकाची चाल त्याला रोज दिसते, माल परत उचलून विकणे त्याला जमते, आणि हे गिऱ्हाईक वाढले तर उद्याची विक्रीही त्याचीच. हे वाचताना मला मोंढ्यातला आडत्या दिसतो. बँकेचा अधिकारी तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. आडत्या पाहतो की गेल्या दिवाळीला या माणसाने वही कधी चुकती केली, यंदा त्याच्या विहिरीला पाणी किती आहे, आणि त्याच्या घरी लग्न आहे का. पत म्हणतात ती ही. तिच्यात अन्यायही आहे, कारण ती जात, नाते आणि गाव पाहून दिली जाते आणि नव्या माणसाला बाहेर ठेवते. तिच्याबद्दल हळवे होऊन लिहिणाऱ्यांनी हे लपवू नये.

बँकेचा पैसा खरोखर कमी पडतो का, की उद्योजक नुसते रडगाणे गातात? अभिजित बॅनर्जी आणि एस्थर दुफ्लो यांनी याची फार चतुराईने परीक्षा घेतली. १९९८ साली प्राधान्य कर्जासाठी लघुउद्योगाच्या गुंतवणुकीची मर्यादा ६५ लाखांवरून ३ कोटी झाली, २००० साली ती घटून १ कोटीवर आली. मर्यादेच्या आत आलेल्या कारखान्यांना जादा कर्ज मिळाले तेव्हा त्यांनी ते जुनी देणी फेडायला वापरले की धंदा वाढवायला? त्यांनी धंदा वाढवला. विक्री वाढली, नफा वाढला. म्हणजे पैशाची भूक खरी होती. धोरणातल्या एका अचानक बदलाने कारण आणि परिणाम वेगळे करून दाखवायचे, ही रीत मराठी वाणिज्य महाविद्यालयांत शिकवली गेली पाहिजे. तिला महागडी यंत्रे लागत नाहीत, फक्त प्रश्न नीट विचारता यायला हवा.

आणखी एक अभ्यास इथे सांगायला हवा. निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांत एक प्रयोग केला. काही गिरण्यांना महिनोन्महिने व्यवस्थापनाचा फुकट सल्ला दिला: यंत्रांची देखभाल, मालाची नोंद, दोषांची मोजणी, गोदामाची शिस्त. २०१३ साली छापलेल्या निष्कर्षानुसार पहिल्याच वर्षी त्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटले ते दुसरेच. कारखाना किती मोठा होईल, हे मालकाच्या घरात किती पुरुष आहेत यावर ठरत होते. परक्या व्यवस्थापकावर विश्वास नाही. चोरी झाली तर न्यायालयात वर्षे जातील. म्हणून दुसरे युनिट काढायला दुसरा भाऊ लागतो. मुली आणि सुना या हिशेबात धरल्याच जात नव्हत्या. जालन्याच्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीत फेरफटका मारा, पाट्यांवरच्या आडनावांतून हे वाचता येते. तरुण खन्ना आणि कृष्ण पलेपू यांनी १९९७ साली मांडले होते, की जिथे बाजार, न्यायालये आणि माहिती देणाऱ्या संस्था कच्च्या असतात, तिथे एकाच घराने अनेक धंदे करणे शहाणपणाचे ठरते. जिनिंग, सळई, बियाणे, शाळा आणि मंगल कार्यालय एकाच कुटुंबाकडे असणे हा हव्यास नसून विश्वासाच्या टंचाईवरचा उपाय असू शकतो. मात्र त्या उपायाची किंमत घरातल्या हुशार मुली आणि घराबाहेरचे हुशार व्यवस्थापक मोजतात.

बाजार या विषयावर थोडेच लिहितो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, आणि त्याने बागायतदाराच्या पट्टीत किती फरक पडला हे कुणीतरी तपासायला हवे. पण त्याहून स्वच्छ उदाहरण रेशमाचे. मराठवाड्यातला तुती लावणारा शेतकरी पूर्वी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जाई. प्रवास मोठा, कोष नाजूक, आणि तिथे पोचल्यावर भाव पडलेला असला तरी माल परत आणणे परवडत नसे. २०१८ साली जालन्याच्या बाजार समितीत कोषांचा लिलाव सुरू झाला. घराजवळ पर्याय उभा राहिला की दूरच्या बाजारातही विकणाऱ्याचा हात वर येतो, असे सिद्धान्त सांगतो. इथे ते आधी आणि नंतरच्या भावांवरून ताडून पाहता येईल.

हे सगळे आजवर का अभ्यासले गेले नाही? सरळ कारण आकड्यांचे. शिकागो विद्यापीठाने १९६० साली शेअरच्या किमतींचा संग्रह करायला घेतला आणि कंपनीवित्ताचे संशोधन त्या संग्रहाच्या प्रकाशात वाढले. आपल्याकडे मुंबईच्या सीएमआयई या संस्थेचा ‘प्रोवेस’ संग्रह तेच काम करतो. ज्या कंपन्या हिशेब जाहीर करतात त्यांचा अभ्यास होतो. भागीदारी पेढी, एकल मालकी, आडत दुकान, बीजोत्पादक यांचा होत नाही. महिकोसारखी मोठी कंपनीही शेअर बाजारात नोंदलेली नाही. परिणामी भारतीय उद्योगाबद्दलची आपली बरीचशी समजूत मूठभर नोंदलेल्या कंपन्यांवरून बनली आहे. जीएसटी आल्यापासून निदान व्यवहारांचा माग राहतो, पण तो संशोधकाला मिळत नाही. आणि जालन्याच्या वह्या मोडीत, मराठीत, मारवाडीत आहेत. त्या वाचायला तिथे बसणारा, दोन वेळा चहा घेणारा, तिसऱ्या वेळी प्रश्न विचारणारा माणूस लागतो. असा माणूस जालन्याच्या, परभणीच्या, बीडच्या वाणिज्य महाविद्यालयातच तयार होऊ शकतो. इंग्रजी नियतकालिकात नाव छापून येणे हे त्याच्यापुढचे एकमेव ध्येय असू नये, पण त्या नियतकालिकांतली शिस्त मात्र त्याने पूर्ण आत्मसात करावी.

त्याच्यासाठी एक विषय मी इथेच सुचवून ठेवतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा म्हणतो. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला आयकराची धार लावली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चाची वजावट नाही. खरेदीदार आता लहानांकडून माल घेणेच टाळतील, अशी भीती व्यापारी संघटनांनी तेव्हा बोलून दाखवली. ती खरी ठरली का? सळईच्या साखळीत हे तपासता येईल. आणि त्याच्या शेजारीच दुसरा प्रश्न उभा आहे. हे संरक्षण नोंदणीकृत उद्योगासाठी आहे. शेडनेटमध्ये बियाणे पिकवणारा शेतकरी सहसा त्या नोंदणीत नसतो, आणि त्याची पट्टी ४५ दिवसांत येते की दोनशे दिवसांत, हे कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही. तेवढ्या काळाची सोय तो कुणाकडून, किती व्याजाने करतो? डीएनए तपासणी आलेल्या कंपन्यांकडे हे दिवस कमी झाले का? जमा झालेल्या मालातला किती नापास ठरतो, आणि नापास ठरवण्याचा निर्णय हंगामातल्या मागणीप्रमाणे बदलतो का? यासाठी एकाच तालुक्यातल्या शंभर बीजोत्पादकांकडे एका हंगामात तीनदा जावे लागेल: उचल घेताना, माल कंपनीत जमा झाल्यावर, आणि अंतिम पट्टी हाती आल्यावर.